कानाचं मशीन नंतर, आधी या चुका टाळा

आठवड्यातून एखादा तरी फोन येतोच. "वहिनी, तुम्ही लावता ते मशीन कुठलं? केवढ्याला पडलं? बाबांना घ्यायचंय." गेली अकरा वर्षं मी दोन्ही कानांना मशीन लावते, त्यामुळे नात्यागोत्यात आणि सोसायटीत या खात्याची चौकशी माझ्याकडेच येते. मी उलट विचारते, "कानाच्या तपासणीचा ग्राफ काढलाय का?" पलीकडे शांतता.

मला हसू येत नाही, कारण मीही तेच केलं होतं. 'मोफत तपासणी'चा फलक पाहून दुकानात शिरले, पंधरा मिनिटांत एका कानाचं मशीन घेऊन बाहेर पडले. तपासणीचा कागद मला दिला नाही आणि मीही मागितला नाही. दोन वर्षं ते मशीन कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी, सुखात होतं.

दुकान आधी, डॉक्टर नंतर

सगळ्या घोळाचं मूळ हे. ऐकू कमी येण्याचं कारण कधी नुसता घट्ट बसलेला मळ असतो, कधी पडद्याला छिद्र, कधी पडद्यामागे साचलेलं पाणी. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत, त्यामुळे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानात डोकावून बघायलाच हवं. तोवर लसणीचं कोमट तेल घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. रात्री ठीक होतं आणि सकाळी उठल्यावर एक कान बंद, सोबत गुंईं असा आवाज, असं झालं तर 'सर्दीने दडा बसला असेल' म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आतल्या कानाच्या अशा अचानक बिघाडात स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितकी ऐकणं परत येण्याची आशा जास्त.

डॉक्टरांनंतर ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून तपासणी होते आणि तिचा आलेख मिळतो. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. हा कागद तुमचा आहे. तो मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढचं मशीन, दाखला, योजना, सगळं त्याच्यावरच चालतं.

आलेख पाहिला की एक जुनं भांडणही मिटतं. "ह्यांना हवं तेच ऐकू येतं" अशी घरोघरी तक्रार असते. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, ठ असली व्यंजनं गळतात. मग 'साठ' म्हटलं की 'पाठ' वाटतं. आवाज येतो, शब्द कळत नाही. ओरडून सांगितल्याने फक्त स्वर मोठे होतात आणि दोघांचंही डोकं तापतं.

मशीन कपाटात का जातं

चष्मा लावला की दिसतं, तसं मशीनचं नाही. मेंदूला भांड्यांचे, पंख्याचे, पावलांचे विसरलेले आवाज नव्याने ओळखावे लागतात. पहिले काही दिवस घरात, शांत वेळी, दोन-तीन तास लावायचं आणि हळूहळू वाढवायचं. पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये लावून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी ते काढून ठेवतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. पुढचे दोन-तीन महिने ऑडिओलॉजिस्टकडे तीन-चार फेऱ्या होतात, प्रत्येक वेळी सेटिंग बदलतं. म्हणून किंमत विचारताना 'या फेऱ्या धरून का?' हेही विचारा. आधी काही दिवस वापरून बघायला मिळेल का, हेसुद्धा. आणि ऑनलाइन मिळणारं हजार-बाराशेचं यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवतं. तुमचा आलेख त्याला ठाऊक नसतो.

'मशीन बिघडलं' म्हणून माझ्याकडे आलेली निम्मी मशीन बिघडलेली नसतात. बॅटरीवरचा रंगीत स्टिकर काढल्यावर लगेच बसवू नका, मिनिटभर उघडी ठेवा. ती हवेवर चालते. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. स्टिकरच्या रंगावरून आकार कळतो: पिवळा 10, तपकिरी 312, नारिंगी 13, निळा 675. शिटी वाजत असेल तर मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, नीट बसलाय का आणि कानात मळ आहे का, ते बघा. आवाज बारीक झाला तर टोकाची जाळी मळाने बुजलेली असते. पावसाळ्यात कोकणातच नव्हे, पुण्यातही नळीत पाण्याचे थेंब धरतात. रात्री बॅटरीचं दार उघडून, सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत मशीन ठेवा. केसांच्या ड्रायरने वाळवू नका, तो पराक्रमही मी केलाय.

दाखल्याच्या रांगेत होणारे गैरसमज

"एक कान पूर्ण गेलाय, दिव्यांग दाखला मिळेल ना?" हा प्रश्न फार येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकू कमी येणारा' म्हणजे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल ऱ्हास आणि 'कर्णबधिर' म्हणजे दोन्ही कानांत 70 डेसिबल. टक्केवारी काढताना चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणतात, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवतात आणि सहाने भागतात. एक कान शंभर टक्के गेला आणि दुसरा धड असला, तर उत्तर येतं सुमारे 17. बहुतेक सवलतींना 40 लागतात. त्रास खरा असतो, हिशेबात बसत नाही. हे आधीच कळलं तर रुग्णालयाच्या खेपा तरी वाचतात.

खासगी डॉक्टरांची चिठ्ठी दाखला म्हणून चालत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. तिथे मशीन काढूनच तपासतात, म्हणून 'मशीन लावल्यावर ऐकू येतं म्हणून टक्के कमी होतील' ही भीती व्यर्थ. दाखला झाला की वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळतं. पण एका कार्डावर सगळं मिळतं असंही नाही. एसटीची सवलत वेगळी, रेल्वेची वेगळी. रेल्वेला ऐकू येणं आणि बोलणं, दोन्ही पूर्ण नसावं लागतं. माझ्या ओळखीचे एक काका तिकीट खिडकीवर यावरून अर्धा तास भांडून रिकाम्या हाताने परत आले.

मशीनसाठी केंद्राची एडिप ही दिव्यांगांना साधनं देणारी योजना आहे. तिला उत्पन्नाची मर्यादा असते आणि गेल्या तीन वर्षांत तसंच साधन सरकारकडून घेतलेलं नसावं लागतं, म्हणून शिबिरात फुकट मिळतंय म्हणून काहीही उचलू नका. ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना एकदाच 3,000 रुपये खात्यात देते, पण तेवढ्यात चांगलं डिजिटल मशीन येत नाही, ही अपेक्षा आधीच ठेवा. ग्रामपंचायत आणि महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. तो बहुतेकांना माहीतच नसतो. ग्रामसेवकाला तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासून. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलंय. तपासणीपासून मोल्डपर्यंत सगळं तिथे होतं. दिवस मोडेल हे गृहीत धरून, डबा घेऊन जा.

बाळाच्या बाबतीत 'बोलेल हळूहळू' नको

"ह्याचे आजोबाही तिसऱ्या वर्षी बोलले." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. जन्मल्यावर महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन किंवा उपचार, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. थाळी वाजवल्यावर बाळ वळलं याला चाचणी म्हणत नाहीत. ओएई ही पहिली, सोपी चाचणी, कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात. शंका असेल तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी चाचणी. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते.

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचं यंत्र, त्याच्या शस्त्रक्रियेनंतर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे काही वर्षांची वाचा-श्रवण थेरपी. तिचा गावापासूनचा प्रवास, आईची नोकरी, यंत्राच्या सुट्या भागांचा खर्च, हे शस्त्रक्रियेआधी कागदावर मांडा.

आणि 'खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं नाही' हे कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. भाषा कुठलीही असो, ती लवकर मिळणं महत्त्वाचं. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश 2021 मध्ये आला, तो मोबाइलवर बघता येतो. आईवडिलांनीही शिकावं, नाहीतर पोरगं शाळेत बोलतं आणि घरी गप्प.

घरातलं

स्वयंपाकघरातून हाक मारू नका. समोर या, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा, वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदला. आणि आम्ही "काय?" विचारल्यावर "जाऊ दे, काही नाही" म्हणू नका. त्या चार शब्दांनी माणूस गप्पांतून उठून जातो, तो पुढे येतच नाही.

फोनवर बोललेलं लिहून दाखवणारी लाइव्ह ट्रान्स्क्राइबसारखी ॲप्स मराठीतही चालतात. गोंगाटात चुकतात. गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नात मी पंगतीत फोन समोर ठेवला होता. वाढपी "मठ्ठा घ्या" म्हणाला, फोनवर आलं "मठाला जा". शेजारच्या आत्याबाईंना दाखवलं, त्यांनाही अलीकडे कमी ऐकू येतं. त्यांनी जेवण होईपर्यंत फोन स्वतःकडेच ठेवला.