अलक लिहिताना शब्द कुठे वाचवावेत

'अति लघु कथा' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'अलक' हे नाव रूढ झाले आहे. तिची शब्दमर्यादा नेमकी किती असावी, या वादात फारसे हशील नाही. पन्नास शब्दांतली गोष्ट जर एखाद्या मोठ्या गोष्टीचा गोषवारा वाटत असेल, तर ती मर्यादेत बसूनही फसलेली असते. माझा पुढील पहिला खर्डा असाच फसला होता.

'देवगडच्या तात्यांचे ठाण्यातल्या थोरल्या भावावर जिवापाड प्रेम होते. ते दर वर्षी त्याला हापूसची पेटी पाठवीत. गेल्या श्रावणात भाऊ वारला. यंदा पेटी भरताना त्यांना त्याची फार आठवण आली आणि डोळे भरून आले. तरीही त्यांनी वहिनीसाठी पेटी पाठवलीच.'

यात ३६ शब्द आहेत आणि दिसत मात्र काहीच नाही, कारण प्रेम, आठवण आणि अश्रू ही सगळी लेखकाने वाचकाला दिलेली माहिती आहे. दुसरा खर्डा २४ शब्दांचा झाला.

'पाच डझन हापूस पेंढ्यात बसवून तात्यांनी ठाण्याच्या पेटीला खिळे ठोकले. ब्रश रंगात बुडवला आणि तसाच धरून राहिले. "तात्यानू, औंदा वयनींचा नाव घाला," गडी म्हणाला.'

येथे 'औंदा' (यंदा) या एका शब्दाने 'दर वर्षी' आणि 'भाऊ वारला' ही दोन्ही विधाने अनावश्यक ठरवली. 'वयनींचा नाव' या मालवणी वळणामुळे गावाचे नाव गाळता आले. तात्यांच्या तोंडून जे निघत नाही ते गडी बोलतो, म्हणून 'गडी म्हणाला' हे दोन शब्द मात्र मी राखले. बोलीचे असे एखादेच वाक्य पुरते; सगळी कथा मालवणीत घातली, तर त्या एका वाक्याचा वेगळा भार उरत नाही.

काटकसरीची निम्मी सोय मराठीच्या व्याकरणातच आहे. 'धरून राहिले' या आदरार्थी रूपातून तात्यांचे वडीलपण कळते आणि 'ते' हे सर्वनाम लिहावे लागत नाही. 'ती बंदरावर जायची' यातल्या 'जायची'त कित्येक वर्षांचा शिरस्ता मावतो. 'तोही आला' आणि 'तोच आला' यांत एकेका अक्षराने दोन वेगळ्या गोष्टी सुरू होतात. दोन माणसे 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, तर मधल्या काळाचे वर्णन बहुधा वगळता येते.

वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीही कामी येतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्यामुळे हर्णैसारख्या मासेमारी बंदरातल्या वाचकासाठी '३१ जुलैची रात्र' एवढे लिहिले तरी पुरते. घाटावरच्या वाचकाला मात्र ती तारीख कोरडीच वाटेल, म्हणून तिच्याशेजारी बर्फ भरून ठेवलेली नौका दिसली पाहिजे.

शेवटची ओळ हाताने झाकून कथा वाचून पाहावी. ती तशीही उभी राहत असेल, तर ओळ खोडावी. माझ्या कथेच्या शेवटी 'तात्यांनी मान हलवली' असे होते, ते याच कसोटीवर गेले. धक्क्याच्या हव्यासाने शेवटच्या ओळीत भूत काढण्याची आपल्याकडे फार हौस आहे, पण कोकणातल्या वाचकाला त्या भुताचे नवल उरलेले नाही.

शीर्षक शब्दसंख्येत मोजले जात नसल्यामुळे त्याच्याकडून काम करून घ्यावे. मी आधी 'शेवटची पेटी' असे लिहिले होते, ते चूकही होते आणि रडवेही. आता 'ठाण्याची पेटी' असे आहे. त्यामुळे कथेतला 'ठाण्याच्या' हा शब्द काढता आला आणि २४ चे २३ झाले.