खानदेशी उन्हात तेलकट, मुरमांच्या चेहऱ्याची निगा

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, चेहरा तासाभरात तेलकट होतो आणि हात आपोआप साबणाकडे वळतो. तरी फेसवॉश सकाळ-संध्याकाळ दोनदाच. मध्ये घाम आला तर साधं पाणी पुरे. घासून घासून धुतल्याने त्वचा लाल होते, मुरमं जात नाहीत.

नंतर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे त्वचेची छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं जेल मॉइश्चरायझर लावा. तेलकट त्वचेलाही ते हवंच. सकाळी त्यावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. गाडीवर तोंडाला बांधायचा रुमाल रोज धुतलेला असू द्या.

औषध सुरुवातीला एकच निवडा. काळे-पांढरे ठिपके (ब्लॅकहेड-व्हाइटहेड) जास्त असतील तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड. लाल, पू धरलेल्या फोडांना २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. निवडलेलं औषध एक रात्र सोडून एक रात्र, पातळ थराने, मुरमं येणाऱ्या सगळ्या भागावर लावा. बेन्झॉइल पेरॉक्साइडने रंगीत कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घाला. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात, तोवर दर आठवड्याला ट्यूब बदलू नका. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक कळकळीची विनंती: चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोरं करणारी क्रीम आणू नका. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं; चेहरा थोडे दिवस उजळ दिसतो, मग मुरमं दुपटीने उसळतात. दुखऱ्या गाठी किंवा खड्डे असतील तर सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा. जळगाव आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच.