कोल्हापुरातनं ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा: कागद कसे जमवायचे

आधी हे बघा की तुम्हाला पार्टनर व्हिसाच लागतोय का. दोघांकडं भारतीय पासपोर्ट आणि एकाला तिकडं नोकरी लागलीय, तर दुसऱ्याला त्याच वर्क व्हिसात फॅमिली मेंबर म्हणून जोडता येतं. स्किल्ड पीआरला, म्हणजे वय-शिक्षण-कामाच्या पॉईंटवर मिळणाऱ्या कायम राहायच्या परवान्याला, अर्ज करणार असाल तर नवरा-बायको एकाच अर्जात जातात, वर जोडीदाराचं वय 45 च्या आत, स्किल असेसमेंट पास आणि इंग्रजीचा स्कोअर असेल तर 10 पॉईंट जास्तीचे, नुसताच इंग्रजीचा स्कोअर असेल तर 5. पार्टनर व्हिसा, म्हणजे 309/100, हा ज्यांच्यातलं एक माणूस आधीच तिकडचं सिटिझन किंवा पीआर आहे (न्यूझीलंडचे काही नागरिकपण चालतात) आणि दुसरं राजारामपुरीत बसून वाट बघतंय त्यांच्यासाठी. मी त्यातला वाट बघणारा. बायको मेलबर्नला पीआर आणि मी इथं, त्यामुळं कट्ट्यावर "बायकोच्या व्हिसावर जाणार काय रं" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा, त्याला कुठला फॉर्म नाय.

309 तात्पुरता आणि 100 कायमचा, पण अर्ज एकदमच होतो आणि फीपण एकदाच. ती फी ऐकून खाली बसा: 1 जुलै 2025 पासून 9,365 ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे पाच लाखांच्या पुढं. साधारण दर जुलैला वाढते, व्हिसा नाकारला तर परत मिळत नाय. म्हणून घाई करून अर्धवट फाईल टाकण्यापेक्षा दोन महिने उशीर झाला तरी चालेल असं माझं स्पष्ट मत आहे. एक बरं आहे, इंग्लंडसारखं स्पॉन्सरचा, म्हणजे तिकडच्या जोडीदाराचा, पगार वर्षाला 29,000 पाऊंड पायजे असली अट इथं नाही, अर्जदाराला इंग्रजीची परीक्षापण नाही. सगळा जोर एकाच गोष्टीवर, तुमचं नातं खरं आहे का आणि ते कागदावर दिसतंय का.

आणि इथंच आपली पंचाईत होते. फाईल बघणारा ऑफिसर तुमच्या लग्नाला आलेला नसतो, त्यानं मंगल कार्यालयातल्या हजार माणसांच्या पंगती बघितलेल्या नसतात, त्याला चार बाजू बघायच्या असतात: पैसे, घर, समाज आणि एकमेकांशी बांधिलकी. आपल्याकडं लाईट बिल वडिलांच्या नावावर, घर आजोबांच्या नावावर, किराणा रोखीनं, आणि नवी सून किंवा जावई यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. सुखाचा संसार चाललेला असतो पण पुरावा शून्य. त्यामुळं लग्न ठरल्यापासूनच कागद तयार करायला लागा.

पहिला कागद लग्नाच्या नोंदणीचा. शहरात असाल तर महानगरपालिकेच्या तुमच्या भागाच्या विभागीय कार्यालयात, गावात असाल तर ग्रामपंचायतीत. 1998 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणं 90 दिवसांच्या आत नोंद करायची, नंतरपण होते पण जास्त पैसे भरून. तीन साक्षीदार लागतात, भटजींची सही लागते, आणि भटजी त्या सिझनला सापडत नाहीत म्हणून लग्नाच्या दिवशीच फॉर्मवर सही घेऊन ठेवा. स्पेशल मॅरेज ॲक्टनं रजिस्टर करणार असाल तर आधी 30 दिवसांची नोटीस असते, सुट्टी काढून तीन आठवड्यांसाठी येणाऱ्यांनी हे गणित आधी करावं.

सर्टिफिकेटवरचं नाव पासपोर्टशी जुळलं पायजे, हा लई मोठा विषय आहे. शाळेच्या दाखल्यावर संभाजीराव, आधारवर संभाजी, पासपोर्टवर मधलं नाव आडनावाच्या रकान्यात, बायकोच्या पॅनवर माहेरचं आणि बँकेत सासरचं. फरक असला म्हणून अर्ज आपटत नाही, पण फॉर्ममध्ये 'इतर नावं' विचारतात तिथं प्रत्येक नाव लिहायचं आणि कशामुळं बदललं तेपण. फक्त मराठीत असलेल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर करून जोडायचं. अपोस्टिलच्या, म्हणजे परदेशासाठी कागदावर मारायच्या सरकारी शिक्क्याच्या, मागं पळत मुंबई-दिल्ली करू नका, या व्हिसाला मूळ कागदाचे स्वच्छ रंगीत स्कॅन अपलोड केले की झालं.

आता त्या चार बाजू. पैशासाठी जॉईंट अकाउंट काढा आणि ते वापरा, नुसतं उघडून पाच हजार टाकून ठेवलेलं खातं बघणाऱ्याला लगेच कळतं. तिकडनं पैसे येत असतील तर बँकेतनंच येऊ देत, स्टेटमेंटवर नाव दिसतं. एलआयसी, पीएफ, म्युच्युअल फंड, सगळीकडं नॉमिनी बदला, फुकट होणारं काम आहे आणि बांधिलकीत मोजलं जातं. घराचं म्हणाल तर एकत्र कुटुंबात राहत असाल तर आई-वडिलांकडनं एक पत्र घ्या की हे दोघं आमच्याकडं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत राहिले, खोली कुठली, खर्च कोण करतं, स्वयंपाक कोण करतं. दोघांच्या नावानं येणारी पाकिटं, कुरिअर, आधारवरचा एकच पत्ता हेपण चालतं. लग्नानंतर लगेच एकजण परत गेलं असेल तर ते लपवायचं नाही, उलट का वेगळं राहतोय आणि रोज कसं बोलतोय ते लिहायचं. लग्न झालेलं असेल तर 12 महिन्यांची अट नाही, ती लग्न न करता डी फॅक्टो म्हणून अर्ज करणाऱ्यांना असते, म्हणजे 12 महिन्यांचं नातं दाखवायचं. दोघं मुलगे किंवा दोघी मुली असाल तर इथं लग्नाची नोंद होत नाही, पण तिकडं डी फॅक्टोमध्ये तो फरक करत नाहीत. आणि फक्त साखरपुडा झालाय, लग्न तिकडं करायचंय, तर 300 नावाचा वेगळा व्हिसा आहे, त्याला दोघं मोठेपणी प्रत्यक्ष भेटलेले पायजेत, नुसत्या व्हिडिओ कॉलवर ठरलेलं चालत नाही.

फोटोंचं सांगतो. पन्हाळ्यावरच्या प्री-वेडिंग शूटचे तीनशे फोटो टाकून काही होत नाही, त्यात तुम्ही दोघंच दिसता आणि पाठीमागं ड्रोनवाला. त्यापेक्षा जोतिबाला गेलेला गुलालानं माखलेला अख्ख्या घराचा फोटो भारी, कारण त्यात दोन्हीकडची माणसं आहेत. वीस-पंचवीस निवडा, वेगवेगळ्या वेळचे, खाली तारीख, जागा, कोण कोण. व्हॉट्सॲपचं पण तसंच, सगळं चॅट नको, दर महिन्याचे थोडे स्क्रीनशॉट आणि कॉलची यादी.

फाईलचा जीव मात्र दोघांच्या निवेदनात असतो. आपापलं वेगळं लिहायचं, एकानं लिहून दुसऱ्यानं नावं बदलायची नाहीत. स्थळ कुणी आणलं, पत्रिका बघितली का, कांदेपोह्याला कोण कोण होतं, होकार कुणी आधी दिला, तिकडं गेल्यावर कुठं राहणार. ॲरेंज मॅरेज त्यांना नवीन नाही, पण दोन महिन्यांत लग्न कसं ठरलं हे तुम्हीच नीट सांगायला लागतं. तारखा दोघांच्या जुळल्या पायजेत, शब्द नाही जुळले तर उलट बरं. याशिवाय फॉर्म 888, म्हणजे तुमचं नातं खरं असल्याची साक्ष, तो तुम्हाला ओळखणाऱ्या दोन ऑस्ट्रेलियन सिटिझन किंवा पीआर माणसांनी भरायचा. मामा-काकांनी इथनं लिहिलेलं पत्र जोडता येतं, पण ते 888 च्या जागी धरू नका.

अर्ज इमीअकाउंटवर, म्हणजे ऑस्ट्रेलिया सरकारच्या व्हिसाच्या साईटवर, ऑनलाईन, करताना तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या बाहेर असायला पायजे. तुमचा झाला की टीआरएन म्हणून अर्जाचा एक नंबर येतो, तो घेऊन स्पॉन्सरनं त्याचा वेगळा फॉर्म भरायचा, हा भाग लई जण विसरतात. स्पॉन्सरचं पण पोलीस चेक होतं, आणि एका माणसाला आयुष्यात साधारण दोनच जणांना स्पॉन्सर करता येतं, तेपण पाच वर्षांच्या अंतरानं. तुमचं पीसीसी, म्हणजे पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवाच्या साईटवरनं, फी 500 रुपये, मग तुमच्या ठाण्यातनं व्हेरिफिकेशन. गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या कुठल्या देशात मिळून 12 महिने राहिला असाल, म्हणजे दुबईचा जॉब वगैरे, तर तिथलंपण लागतं. मेडिकल त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडंच, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही, छातीचा एक्स-रे आणि एचआयव्ही टेस्ट असते. पीसीसी आणि मेडिकल साधारण वर्षभर चालतात, म्हणून फार आधी करून ठेवू नका.

एजंट लावायचाच तर त्याचा मारा नंबर, म्हणजे ऑस्ट्रेलियातला एजंट-नोंदणीचा नंबर, विचारा आणि रजिस्टरमध्ये स्वतः बघा. ऑस्ट्रेलियाबाहेर बसलेल्या एजंटला रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, त्यामुळं बोर्ड कुणीपण लावतंय. "गॅरंटी देतो" म्हणाला की चहा पिऊन उठायचं. आधीचा घटस्फोट, पोलीस केस किंवा आधी नाकारलेला व्हिसा असेल तर मात्र पैसे खर्च करून चांगला माणूस गाठा.

मधल्या काळात भेटायला जायचं तर 600 चा व्हिजिटर व्हिसा मागता येतो, द्यायचा की नाही ते त्यांच्यावर. 309 हातात आला की काम, शिक्षण, मेडिकेअर (तिकडची सरकारी आरोग्य योजना) सगळं चालू. अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी 100 साठी परत पुरावे मागतात, तेव्हा तिकडच्या भाड्याचं ॲग्रीमेंट दोघांच्या नावावर, लाईट-गॅस बिलं दोघांच्या नावावर, हे पोचल्या पोचल्या पहिल्या महिन्यातच करून घ्या.