कुत्रा गवत खातो तेव्हा काय पाहावे

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हरळीचे कोवळे कोंब वर येतात. एरवी भाकरीशिवाय कशाकडे ढुंकूनही न पाहणारा आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या घरावरचा, कुत्रा तेव्हा मान तिरपी करून, दाढेच्या बाजूने एकेक पाते तोडू लागतो. थोड्या वेळाने त्याच्या बरगड्या आत-बाहेर होतात आणि पिवळसर फेसात गुरफटलेला गवताचा गोळा तो ओकून टाकतो. हे पाहून घरात कोणी म्हणते, याचे पोट बिघडले. कोणी म्हणते, तो आपले औषध आपणच शोधतो आहे. दोन्ही समजुती मराठवाड्यात घरोघरी ऐकू येतात. दोन्हींत थोडे तथ्य आहे, परंतु त्यांवर विसंबून निर्णय घेणे धोक्याचे आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २००८ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. दीड हजारांहून अधिक कुत्रापालकांना प्रश्न विचारले असता ६८ टक्के लोकांनी आपला कुत्रा रोज किंवा आठवड्यातून कधीतरी गवत वा इतर वनस्पती खातो, असे सांगितले. खाण्यापूर्वी तो वारंवार आजारी दिसतो असे सांगणारे केवळ ८ टक्के होते, तर खाल्ल्यानंतर नियमितपणे उलटी होते असे म्हणणारे २२ टक्के होते. म्हणजे बहुतेक कुत्री आजारी नसतानाच गवत खातात आणि बहुतेकांना ते पचत नसले तरी बाधतही नाही. गाई-बैलांसारखे चार कप्प्यांचे पोट कुत्र्याला नसते, त्यामुळे पाती जशीच्या तशी विष्ठेतून बाहेर पडतात.

मग तो खातो कशासाठी? रानटी लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडते, त्यामुळे ही सवय माणसाच्या संगतीने लागलेली नाही, हे उघड आहे. त्याच संशोधकांचा तर्क असा, की लांबट पाती आतड्यातील जंतांभोवती गुंडाळली जाऊन ते बाहेर ढकलले जात असावेत, आणि जंत नसलेल्या कुत्र्यातही ही पूर्वजांची खोड टिकून राहिली असावी. मला हा तर्क पटतो. तरीही प्रत्येक कुत्र्याचे कारण एकच असेल, असे मानू नये. काहींना कोवळ्या पात्यांची चव आवडते. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा निव्वळ कंटाळ्याने हाती लागेल ते चघळतो. आहारात तंतू कमी असणे हेही एक कारण असू शकते. सात वर्षे वनस्पती खाऊन उलट्या करणाऱ्या एका पूडल कुत्र्याची सवय तंतुमय आहार सुरू केल्यावर काही दिवसांतच सुटल्याची नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली आहे.

त्यामुळे गवत खाणे या एका गोष्टीने घाबरू नये. पाहायचे ते दोन प्रश्न: त्याच्या सवयीत अचानक बदल झाला आहे का, आणि तो कुठले गवत खातो आहे?

आपल्या भागात दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सोयाबीन आणि कापसाच्या हंगामात धुऱ्यावर तणनाशक आणि पिकावर कीटकनाशक फवारले जाते, आणि वाऱ्याबरोबर त्याचे तुषार आजूबाजूच्या हरळीवरही बसतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या आखाड्यावरच्या कुत्र्याने अशाच ओल्या धुऱ्यावरचे गवत खाल्ले. तासाभरात त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आणि मांडीचे स्नायू कातडीखाली थरथरू लागले. मी त्याला दूध पाजू लागलो, ती माझी चूक होती. डॉक्टरांनी येताच विचारले, "डबा कुठे आहे?" डब्यावर क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचे नाव पाहून त्यांनी लगेच अ‍ॅट्रोपिनची सुई दिली आणि कुत्रा वाचला. त्यासारख्या सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन उपयोगी पडते, परंतु कोणते औषध मारले आहे हे कळले तरच डॉक्टरांना वेळ न दवडता उपचार सुरू करता येतात.

म्हणून फवारणीच्या दिवशी कुत्र्याला आखाड्यावर बांधून ठेवावे आणि डब्यावरील सूचनेत सांगितलेल्या काळापर्यंत त्या शिवारात मोकळे सोडू नये. सालगड्यालाही हे आधीच सांगून ठेवावे. कुत्र्याच्या पायांना वा अंगाला औषध लागले असेल, तर हातमोजे घालून साबण-पाण्याने धुवावे, कारण कुत्रा अंग चाटतो. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. त्या मिठानेही जीव जाऊ शकतो. दूध, तूप, ताक यांच्या नादी न लागता डबा सोबत घेऊन थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; जवळच्यांनी त्यांचा पत्ता संकटापूर्वीच माहीत करून घ्यावा.

उन्हाळ्यात प्रश्न वेगळा असतो. शिवार वाळून कोळ झालेले असते आणि हिरवे काही उरते ते गळक्या व्हॉल्व्हपाशी, हापशाभोवती किंवा नालीच्या कडेला. तिथे साबणाचे पाणी असते, इतर कुत्र्यांची विष्ठा असते आणि त्यातून जंतांची अंडी तोंडात जातात. अंगणात कण्हेर, धोतरा, एरंड असल्यास तीही कुत्र्याच्या तोंडापासून दूर असावीत.

पावसाळा सरताच माळावर कुसळी गवत वाळते. त्याचे टोकदार कुसळ घशात, नाकात, कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरले, तर मागे न फिरता आत आत सरकत जाते. सारख्या शिंका, एकाच बाजूने मान हलवणे, पंजा चाटत बसणे ही त्याची लक्षणे आहेत. बालाघाटाच्या माळावर फिरवून आणल्यावर कुत्र्याची बोटे आणि कान रोज पाहावेत.

एक इशारा मात्र मनावर कोरून ठेवावा. जबडा लोंबत आहे, लाळ गळत आहे आणि गिळता येत नाही, असे दिसले की घशात गवत अडकले असे समजून लोक तोंडात हात घालतात. पिसाळण्याच्या एका प्रकारात कुत्रा अगदी असाच दिसतो. हात घालू नये. कुत्र्याला एकटे बंदिस्त करून डॉक्टरांना बोलवावे. लाळ जखमेवर लागली किंवा चावा बसला, तर पंधरा मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवून त्याच दिवशी लस घ्यावी.

आता पहिला प्रश्न, सवयीत अचानक बदल झाल्याचा. क्वचित गवत खाणारा कुत्रा अधाशासारखे ओरबाडून खाऊ लागला, दिवसभरात पुन्हा पुन्हा ओकला, अन्न टाकले, हगवणीत रक्त दिसले किंवा पोट फुगून ओकाऱ्या येऊनही काहीच बाहेर पडत नसेल, तर वाट पाहू नये. शेवटच्या लक्षणात, विशेषतः मोठ्या छातीच्या कुत्र्यात, पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. लातूरकडच्या कारवानसारखी खोल छातीची कुत्री पाळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गवताबरोबर माती, कोळसाही खात असेल तर ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या फिकट असतील तर जंत किंवा गोचिडांमुळे रक्त कमी झाले असण्याची शक्यता असते.

निरोगी कुत्र्याला गवतापासून पूर्ण तोडण्याचा आग्रह नसावा. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने, वजनाप्रमाणे जंताचे औषध द्यावे. नुसत्या दूध-भाकरीऐवजी त्यात शिजवलेला भोपळा किंवा गाजर मिसळावे, मात्र कांदा-लसूण घातलेले कालवण देऊ नये. गुदद्वारातून गवताचे पाते लोंबताना दिसले तर ओढू नये. आणि एका जुन्या टोपल्यात चांगली माती भरून, औषध न लावलेले घरचे गहू पेरावेत. आठवडाभरात हिरवी पाती येतात, आणि ते टोपले रांजणाच्या सावलीत ठेवले की उन्हाळ्यातही कुत्र्याला नालीकडे जावे लागत नाही.