मंडळीत सेवा करताना मन कोरडं का पडतं? या चुका टाळा

पुण्यात कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जा, कॅम्पात, कसब्यात नाहीतर पिंपरीत, पाच-दहा माणसं अशी असतातच की सगळं तीच करतात. शनिवारी रात्री क्वायरची प्रॅक्टिस, रविवारी लवकर येऊन माईक चेक करायचा, मग संडे स्कूल, आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, असलं की उपासना संपल्यावर आत जाऊन ते छोटे छोटे कप एकेक करून धुवायचे, आणि बाहेर चहापाशी कोण नुसतंच गप्पा मारत उभंय ते दारातून दिसत असतं. हात कप विसळतायत आणि मनात हिशेब चाललाय, मागच्या वेळी पण मीच होते, यांच्या घरातलं कोणी कधी पुढे येतं का.

पहिली चूक म्हणजे हा हिशेब चालू द्यायचा. बायबलमध्ये लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठवा, धाकटा पैसे उडवून परत आला म्हणून बापाने मेजवानी दिली, हा मात्र कधी घर सोडून गेला नाही, एक आज्ञा मोडली नाही, आणि तरी आत मेजवानी चालू असताना हा दाराबाहेर, बापाला सांगतोय की इतकी वर्षं राबलो, मला करडूसुद्धा दिलं नाही. मुलगा असून मजुरी मोजत होता. पण बाप त्याच्यासाठीपण बाहेर आला, हे आपण वाचताना पटकन पुढे जातो, जाऊ नका.

दुसरी चूक जास्त मोठी, आणि चांगली माणसंच ती करतात. मन लागत नाही म्हणून आणखी एक जबाबदारी अंगावर घ्यायची. अशा वेळी मार्थाचा दाखला सगळे देतात पण अर्धाच. लूक 10 मध्ये येशू तिच्या घरी आलाय, ती कामाने त्रासलेली, बहीण मरिया मात्र त्याच्या पायांशी बसून ऐकतेय, म्हणून बहिणीची तक्रार थेट प्रभूकडे, आणि येशू तिला अगदी मायेने नाव घेऊन दोनदा हाक मारतो. स्वयंपाक करू नकोस असं तो म्हणाला नाही हो, तिची दगदग त्याला दिसली. पुढे योहान 11 मध्ये भाऊ गेल्यावर हीच मार्था पुढे होऊन त्याला भेटायला जाते आणि तूच ख्रिस्त आहेस असं बोलून दाखवते. आणि योहान 12 मध्ये बेथानीत परत जेवण आहे, मार्था परत वाढतेय, मरिया परत येशूच्या पायांशीच, पण या वेळी मार्थाची एकही तक्रार नाही! काम तेच आहे बघा. म्हणून थकला असाल तर आधी एखादा रविवार काहीही न करता मागच्या बाकावर बसून उपासना ऐका, ते जमत नसेल, हात शिवशिवत असतील, तर दुखणं तिथेच आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर आपल्या पुण्याचंच. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये शारदा सदन काढलं, विधवांची सेवा जोरात चालू, आणि तरी त्या आपल्या साक्षीत लिहितात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी मला कळलं की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायकांचा आश्रम, त्यानंतरचं.

भीतीपोटी केलेली सेवा हीसुद्धा चूकच. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचा, तो राहिला म्हणून पोरगं आजारी पडलं, असं घरात बोलू नका, मुलं ऐकतात आणि देवाला सावकार समजायला लागतात. देवाने आधी आपल्यावर प्रीती केली, सुरुवात तिथून आहे.

आणि उलटी चूक तरुण संघात दिसते, आतून वाटेल तेव्हाच येऊ, नाहीतर ते ढोंग होईल म्हणे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूलाही तो दुःखाचा प्याला नकोसाच होता, त्याने ते बापाला मोकळेपणी सांगितलं आणि मग उठून गेला. तसंच सांगा, प्रभू आज अजिबात मन नाहीये, आणि जा.

पाळक आणि कमिटीलापण एक विनंती, कोणी मिळत नाही म्हणून स्टेजवरून लोकांना लाजवू नका. येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला, मेंढरं म्हणजे आपली माणसं सोपवायच्या आधी तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. तुम्हीपण नवीन काम देण्याआधी त्या माणसाच्या घरी जाऊन बसा, प्रार्थना करा, आणि तो नाही म्हणाला तर ते नाही मनापासून स्वीकारा, कप धुवायला पाळी लावता येते.