गल्लीत जुलाब-ताप सुरू झालाय? आधी या चुका टाळा

एका गल्लीत तीन घरात जुलाब लागले की पहिला निरोप कुणाला जातो ते बघा. आशा अक्काला नाही, पंचायतीला नाही, जातो तो मेडिकलवाल्याला. तो पहिल्या घराला गोळ्या देतो, दुसऱ्याला देतो, तिसऱ्याला पण त्याच देतो आणि गल्लीत साथ आलीय हे त्या काउंटरमागच्या एकट्या माणसाला माहीत असतं, पण तो सांगणार कुणाला, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. पीएचसीला (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला) कळतं ते कुणाला तरी सलाईन लावायची वेळ आली की. तोवर पाच-सहा दिवस गेलेले असतात आणि ज्या नळातून घाण येते तो नळ चालूच असतो.

आपल्या कर्नाटकातल्या सीमाभागात खानापूर, बेळगाव, निपाणी, चिक्कोडी सगळीकडं हे असंच चालतं म्हणून लिहूलालोय. पाणी घाण होणार, पाईप फुटणार, पावसाळ्यात हे थोडंफार होतंच. पण खबर उशिरा गेल्यामुळं जे नुकसान होतं ते आपल्या हातातलं आहे.

खबर द्यायला रिपोर्टची वाट बघणं

ही सगळ्यात मोठी चूक. लोकांना वाटतं आधी डॉक्टरनं रोगाचं नाव सांगावं मग आपण बोलावं, उगाच गावाची बदनामी कशाला. पण सरकारी सिस्टिममध्ये पहिल्या पायरीला रोगाचं नाव लागतच नाही. २००४ पासून आपल्याकडं आयडीएसपी म्हणून रोगांवर नजर ठेवायचा कार्यक्रम आहे, त्यात तीन फॉर्म असतात. एस फॉर्म सबसेंटरची नर्स भरते, त्यात नुसती लक्षणं, म्हणजे ताप, जुलाब, कावीळ, खोकला. पी फॉर्म डॉक्टर भरतात त्यांच्या अंदाजावर आणि एल फॉर्म लॅबवाले. आधी हे कागद आठवड्यातून एकदा जायचे, २०२१ पासून आयएचआयपी नावाच्या पोर्टलवर रोजच्या रोज भरायची सोय झाली. आता पोर्टल कितीही फास्ट असू दे, नर्सला कुणी सांगितलंच नाही तर ती भरणार काय?

त्यामुळं आशाला फोन करून एवढंच सांगा: किती घरं, किती माणसं, कवापासून, पाणी कुठलं पितात. "आमच्या गल्लीत चार घरात जुलाब आहेत, मंगळवारपासून, सगळी वरच्या टाकीचं पाणी पितात" एवढ्यावर सगळी यंत्रणा हलायला पाहिजे. नाही हलली तर दुसऱ्या दिवशी परत फोन करा, आणि पीडीओला (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला) पण करा कारण टाकी आणि वॉटरमन पंचायतीकडं असतात, आरोग्य खात्याकडं नाहीत.

नारू आठवतो का बघा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना. पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा, पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन व्हायचा. त्याला ना लस ना औषध. फडक्यातून पाणी गाळणं, विहिरी सुधारणं आणि गावागावातून खबर आणणं एवढ्यावर तो संपवला, केस कळवणाऱ्याला बक्षीस सुद्धा ठेवलं होतं. देशातली शेवटची केस १९९६ मध्ये जोधपूरकडं मिळाली आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पोलिओच्या वेळी तर "या आठवड्यात एकही केस नाही" हे पण दवाखान्यांना लिहून कळवावं लागायचं, कारण गप्प बसलेला दवाखाना आणि खरंच शून्य केस असलेला दवाखाना यातला फरक वर बसलेल्या माणसाला दुसऱ्या कशानं कळणार?

चुकीचा पत्ता सांगणं

आता हे आपल्या भागातलं खास दुखणं. महाराष्ट्रातल्या चंदगडचा पेशंट बेळगावला ॲडमिट होतो, आपल्या निपाणीचा तिकडं कोल्हापूरला नाहीतर गडहिंग्लजला जातो. दवाखाना एका राज्यात, आजार दुसऱ्या राज्यात, आणि मधली खबर कुणाच्याच टेबलावर पोचत नाही. दवाखान्यातून ती आपोआप आपल्या तालुक्याला जाईल या भरवशावर राहू नका, पेशंट घरी आला की (खरं तर ॲडमिट झाला की लगेच) आपल्या आशाला सांगा.

दुसरं म्हणजे आधारवरचा पत्ता. पोरगं बेळगावात रूम करून राहतं, डेंग्यू होतो, केसपेपरवर खानापूर तालुक्यातलं गाव लागतं आणि मग धूर मारणारी गाडी जाते गावाला, डास मात्र बेळगावात रूमच्या मागच्या बॅरलमध्ये मजेत. केसपेपर काढताना गेल्या दोन आठवड्यात कुठं राहिला, कुठं कामाला गेला ते स्वतःहून सांगायचं, विचारायची वाट बघायची नाही.

काजूच्या सीझनला गोव्यात कामाला जाणाऱ्यांनी तर हे नक्कीच. २०१६ मध्ये गोव्याच्या काजू बागेत कामाला गेलेल्या बेळगावकडच्या मजुरांना माकडताप झालेला आढळला, म्हणजे केएफडी, जो १९५७ मध्ये शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला होता. तो गोचिडीतून येतो. घरी परत आल्यावर जोराचा ताप, डोकं-अंग फोडून काढणारं दुखणं, आणि डॉक्टरला "जंगलात होतो" हे माहीतच नाही, मग व्हायरल म्हणून गोळ्या मिळतात. रानात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता वनखात्याला नाहीतर पीएचसीला कळवा, ती सुद्धा खबरच आहे.

आधी ब्लिचिंग, मग नमुना

साथीची बोंब झाली की पंचायत पहिल्यांदा काय करते तर टाकीत ब्लिचिंग ओतते. आणि दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं पाण्याचा नमुना घ्यायला येतात. मग रिपोर्ट येतो, पाणी चांगलं आहे. होणारच की, काल औषध मारलंय! आणि मग सगळेजण म्हणतात पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही, लोकांनी बाहेरचं खाल्लं असेल.

आधी नमुना, लगेच त्याच तासात ब्लिचिंग. नमुना थम्सअपच्या धुतलेल्या बाटलीत चालत नाही, लॅबची निर्जंतुक बाटली पाहिजे आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायला पाहिजे, निदान २४ तासाच्या आत. क्लोरीन असलेल्या पाण्याची बाटली वेगळी असते, त्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, ती मागून घ्या. जलजीवन मिशनमध्ये (२०१९ ला सुरू झालं) गावातल्या बायकांना टेस्ट किटचं ट्रेनिंग दिलंय, त्यातली छोटी बाटली पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवली आणि काळी पडली तर पाण्यात मैल्याची घाण आहे असं समजा. पण ही पण ब्लिचिंगच्या आधीच्या पाण्यावर करायची. जुलाबाच्या नमुन्याचं पण तेच, अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी एक-दोन पेशंटचा नमुना गेला तर जंतू सापडायचा चान्स, नाहीतर लॅब बसते नुसती बघत.

ब्लिचिंग म्हणजे मीठ नव्हे

चिमटीनं टाकलं, झालं, असं नसतं. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण पोतं उघडं पडलं, पंचायतीच्या ओल्या खोलीत दोन पावसाळे काढले की उरतो तो चुना. टाकीत पांढरं दिसतं, वास पण थोडा येतो, काम शून्य. कोरडी पावडर टाकीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी पेस्ट, मग पातळ करून ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं निवळ टाकीत सोडायचं आणि गाळ टाकून द्यायचा. स्वच्छ पाण्याला १००० लिटरला अडीच ते पाच ग्रॅम पुरतं, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम, आणि अर्धा-एक तास थांबून मगच व्हॉल्व्ह सोडायचा. पाणी गढूळ असेल तर हा हिशोब चालत नाही, क्लोरीन सगळा चिखलातच खपतो.

आता बरोबर झालं की नाही हे कसं कळणार? क्लोरोस्कोपनं, म्हणजे पाण्यात दोन थेंब टाकले की पिवळा रंग येतो आणि तो पट्टीशी जुळवायचा, वॉटरमनकडं असतोय. तो टाकीजवळ बघायचा नाही, गल्लीच्या शेवटच्या घराच्या नळाला बघायचा. एरवी तिथं लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे, साथ चालू असताना ०.५.

यातूनच बिघाड कुठं आहे ते सापडतं. टाकीजवळच रंग नाही तर पावडर मेलेली आहे नाहीतर माप कमी पडलंय. टाकीजवळ आहे आणि शेवटच्या घराला नाही तर मधे कुठंतरी पाईप फुटलाय, गटारीच्या कडेनं चालत जाऊन बघा. आणि शेवटच्या घराला पण रंग आहे तरी माणसं आजारी पडूलालेत तर मग नळ सोडा, बोअर, टँकर, जत्रेतला प्रसाद, लग्नातलं पाणी, आणि घरातला माठ यांच्याकडं बघा.

नळाला मोटर लावणं

यावर भांडणं होणार माहीत आहे, तरी सांगतो. पाणी तीन-चार दिवसातून एकदा सुटतं, मधल्या वेळात पाईप रिकामी, आणि रिकाम्या पाईपला जिथं भोक आहे तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गटारीतून गेलेली पाईप असेल तर काय ओढलं जातं ते सांगायला नको. त्यात तुम्ही डायरेक्ट नळाला मोटर लावली की ओढ अजून वाढते, तुमच्या घरात पाणी जोरात येतं आणि घाण पण. प्रेशर नाही म्हणून अंगणात खड्डा खणून खाली नळ बसवलेला असतो ना, तो पण तसलाच, पावसात खड्डा भरला की नळाचं तोंड बुडालेलं.

२००८ च्या सुमाराला बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीत काही वॉर्डात चोवीस तास पाणी द्यायचा प्रयोग झाला, पाईपमध्ये कायम दाब राहिला की घाण आत शिरायला वाव मिळत नाही. हुबळी-धारवाडात तपासणी झाली तेव्हा सतत पाणी असलेल्या भागात मैल्याचे जंतू कमीच सापडले. सगळ्या गावाला हे उद्या मिळणार नाही, तोवर सुटलेलं पहिलं गढूळ पाणी सांडून द्या किंवा भांडी-धुण्याला घ्या, पिण्याचं नंतर भरा. घरात माठात हात बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं वापरा. एवढं साधं आहे पण पाहुणे आले की पहिला पेला बुडतो तो बुडतोच.

संडासचे दोन खड्डे आणि हुशार गवंडी

स्वच्छ भारतमध्ये (२०१४ पासून) १२ हजार अनुदानातून दोन खड्ड्यांचे संडास झाले. डिझाईन चांगलं आहे, एक खड्डा भरला की चेंबरमध्ये तो बंद करून दुसरा चालू करायचा, बंद खड्डा निदान दीड-दोन वर्षं तसाच ठेवला की आत कोरडं खत होतं. पण गवंडी म्हणतो दादा, पक्कं करूया की, आणि आतून प्लास्टर करून तळ पण काँक्रीट करतो. मग पाणी मुरणार कुठं? सहा महिन्यात भरतं, मग पाईप काढून गटारीत सोडतात, आणि ती गटार तुमच्या नळाच्या पाईपवरून जाते. दुसरी चूक, दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवणं, मग दोन्ही एकदम भरतात आणि उपसायची पाळी येते ती ओल्या मैल्याची.

जमिनीचं पण बघावं लागतं. खानापूरकडं कणकुंबी-जांबोटीचा पाऊस म्हणजे खड्ड्यात खालूनच पाणी चढतं, तिथं खड्डा जमिनीच्या वर उचलून भोवतीनं भर घालायला पाहिजे. तांबड्या जांभ्या जमिनीत पाणी भोकाभोकातून लांब पळतं म्हणून विहीर दहा मीटरवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, जमेल तेवढी लांब ठेवा. चिक्कोडी-अथणीच्या काळ्या जमिनीत उलटं, पाणी मुरतच नाही, तिथं खड्ड्याभोवती वाळू-खडीचा थर लागतो. एकच नकाशा घेऊन सगळ्या तालुक्यात बांधणाऱ्याला माझा कोपऱ्यापासून नमस्कार.

तापाच्या टेस्टबद्दल थोडं

डेंग्यूची एनएस वन टेस्ट पहिल्या पाच दिवसातली. सातव्या दिवशी ती केली आणि निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही, तेव्हा आयजीएम एलायझा ही रक्ताची दुसरी टेस्ट पाहिजे. टायफॉइडची विडाल टेस्ट एकदाच करून "टायटर (टेस्टचा आकडा) वाढलाय" म्हणून आठ दिवस सलाईन लावणं हा तर आपल्याकडचा मोठा धंदा झालाय, दुसऱ्या तापात पण ती पॉझिटिव्ह येऊ शकते, पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट) मागा. आणि धुरानं डेंग्यू जात नाही, उडणारे डास तेवढे मरतात. अंडी बॅरलच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी झाली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल नुसता रिकामा न करता घासायचा. डेंग्यूची शंका असताना अंगदुखीला आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉलच.

जुलाबाला ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये एकदम, पेल्यात चिमूट चिमूट नाही, आणि केलेलं २४ तासात संपवायचं नाहीतर टाकायचं. लहान पोरांना सोबत झिंक चौदा दिवस, जुलाब दोन दिवसात थांबले तरी.

साथ संपली असं कवा म्हणायचं? पेशंट कमी झाले की पंचायत सुटकेचा श्वास टाकते आणि वॉटरमनचा क्लोरोस्कोप परत कपाटात जातो. कॉलरा अंगात शिरल्यावर दिसायला पाच दिवसापर्यंत लागू शकतात, म्हणून शेवटच्या केसनंतर निदान दहा दिवस एकही नवीन केस नाही तोवर शेवटच्या घराचा नळ रोज तपासायचा, आणि पाण्याचा दुसरा नमुना पाठवून त्याचा रिपोर्ट पंचायतीत जाऊन स्वतः मागायचा. कन्नडमध्ये असेल तर अंगणवाडी टीचरकडून वाचून घ्या, पण बघा.