बटाट्याच्या कांड्यांचा ऑस्मॉसिस प्रयोग: या चुका टाळा

ऑस्मॉसिस म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पटलातून (पेशीपटलातून) पाण्याचं पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणं. ते पाहायला बटाट्याच्या कांड्या कमी-जास्त दाट साखरेच्या द्रावणांत ठेवतात आणि वजन किती टक्के वाढलं-घटलं याचा आलेख काढतात. आलेखावरचे बिंदू वेडेवाकडे आले की दोष बटाट्याला दिला जातो. खरं तर बऱ्याचदा गडबड बटाटा कापण्याआधीच, साखरेचं द्रावण करताना झालेली असते.

द्रावणाची दाटी मोलरमध्ये मोजतात. 1 मोलर सुक्रोज (आपली नेहमीची साखर) म्हणजे 100 मिली द्रावणात 34.2 ग्रॅम साखर. इथेच गफलत होते. विद्यार्थी 100 मिली पाणी मोजून घेतात आणि त्यात 34.2 ग्रॅम साखर ढवळतात. साखर विरघळली तरी जागा व्यापतेच. द्रावण साधारण 120 मिली भरतं आणि 1 मोलरच्या जागी जेमतेम 0.82 मोलर तयार होतं. त्याच्यापासून पातळ केलेली सगळी द्रावणं तितकीच कमजोर. बटाट्याचं वजन न बदलण्याचा बिंदू खरोखर 0.30 मोलरला असेल तर आलेखावर तो 0.37 च्या आसपास दिसतो. म्हणून साखर आधी 60-70 मिली पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग मोजपात्रात 100 मिलीच्या खुणेपर्यंत पाणी घाला. 0.2 मोलरसाठी यातलं 5 मिली अधिक 20 मिली पाणी, 0.4 साठी 10 अधिक 15, याच हिशेबाने पुढे. जुलैत ठाण्यात उघड्या डब्यातली साखर ओलसर होऊन गोळे धरते. ती तोलली तर पाण्याचंही वजन मोजलं जातं, तेव्हा डबा घट्ट झाकलेला हवा.

दुसरी मोठी चूक पुसण्याची. 5 सेंमी लांब आणि अर्धा सेंमी जाड चौकोनी कांडीचं वजन 1.3-1.4 ग्रॅम असतं. तिच्या अंगावर फक्त 0.1 मिमी पाण्याचा थर राहिला तरी वजनात सुमारे 0.1 ग्रॅमची, म्हणजे 7-8 टक्क्यांची भर पडते. इतका तर कित्येकदा प्रयोगाचा निकालच असतो! टिपकागदावर चारही बाजू आणि दोन्ही टोकं एकेकदा टेकवा, दाबू नका. दाबलं की पेशींतला रस बाहेर येतो. प्रयोगाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा अगदी सारखंच टिपा. तराजू 0.01 ग्रॅमचा हवा, स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे.

सगळ्या कांड्या एकाच बटाट्याच्या घ्या, सालीचा अंशही ठेवू नका, कारण सालीतून पाणी सहज जात नाही. शीतगृहातून आलेल्या बटाट्यात साखर वाढलेली असते, म्हणून वाशीच्या एपीएमसीतून आलेल्या दोन वेगळ्या लॉटचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. लॉट मिसळू मात्र नका. द्रावणात दीड तास ठेवा, भांडी झाकून.

टक्केवारी काढताना भागायचं ते सुरुवातीच्या वजनाने. 1.40 चे 1.26 झाले तर बदल उणे 10 टक्के. 0.14 ला 1.26 ने भागलं की 11.1 येतात, आणि ही चूक प्रयोगवहीत (जर्नलमध्ये) सर्रास दिसते. आलेखाची रेषा शून्याला छेदते तिथे “पाणी थांबलं” असं लिहू नका. पाणी पेशीपटलातून दोन्ही दिशांना जातच असतं, फक्त आत-बाहेर सारखंच.

याच तासाला रिओच्या (जांभळ्या पानांच्या शोभेच्या झाडाच्या) पानाची साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असेल तर एक घोळ हमखास होतो: 5 टक्के मिठाऐवजी 5 टक्के साखर. टक्के सारखे, कण सारखे नव्हेत. 5 टक्के साखर म्हणजे 0.15 मोलरही नाही, तर 5 टक्के मीठ 0.85 मोलर, शिवाय ते सोडियम आणि क्लोराइड अशा दोन आयनांत फुटतं. साखरेत पेशी जशीच्या तशी राहते, मिठात पेशीतला जांभळा भाग पेशीच्या बाहेरच्या भिंतीपासून (भित्तिकेपासून) सुटून आत गोळा होतो. लगेच साधं पाणी सोडा, तो पुन्हा पसरतो. साल फार वेळ मिठात राहिली तर पेशी मरते, रंग बाहेर झिरपतो आणि मग कितीही पाणी घातलं तरी ती फुगत नाही.